सर हेन्री पार्क्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींना रविवारी सकाळी मॅक्वारी स्ट्रीटवरून फिरवून आणायचा नाद मला लागलाय. तासाभराची चक्कर, शेवटी कॉफी. या चकरेत एक नाव इतक्यांदा येतं की घरी गेल्यावर लोक फोनवरून त्याच्याबद्दलच विचारत बसतात. तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं टंकून बोटं दुखली, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतो. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर.

१. हा हेन्री पार्क्स नक्की कोण?

एकोणिसाव्या शतकातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीचा सर्वांत दीर्घकाळ गाजलेला राजकारणी. जन्म २७ मे १८१५, इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यात, पुढे हातातून शेत सुटलेल्या एका कुळाच्या घरी. मृत्यू २७ एप्रिल १८९६, सिडनीत. मधल्या काळात मजूर, जकात खात्यातला शिपाईगडी, हस्तिदंताचा कारागीर, दुकानदार, संपादक, पाच वेळा प्रीमियर आणि तीन वेळा दिवाळखोर. ऑस्ट्रेलियाच्या सहा वसाहतींचं एक राष्ट्र व्हावं हा विषय त्याने ऐरणीवर आणला, म्हणून इथल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला 'संघराज्याचा जनक' म्हणतात. ते कितपत खरं, ते प्र. १५ मध्ये.

२. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान ना?

नाही. पहिला पंतप्रधान एडमंड बार्टन, १९०१ मध्ये. पार्क्स त्याच्या पाच वर्षं आधीच गेला होता. तो होता न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर, आपल्या भाषेत मुख्यमंत्री. फरक इतकाच की तेव्हा या मुख्यमंत्र्याच्या डोक्यावर दिल्ली किंवा कॅनबेरा नव्हतं. वर थेट लंडन.

३. इंग्रजांचंच राज्य होतं, तर निवडणुका आणि मंत्रिमंडळ कसं? आपल्याकडे तर असलं काही नव्हतं.

इथेच खरी गोम आहे. 'वसाहत' म्हटलं की आपल्याला मुंबई इलाखा आठवतो (किंवा पोलीस वसाहत, पण ते सोडा). इथली वसाहत म्हणजे इंग्रजांनी स्वतःच्या माणसांची वसवलेली वस्ती, आणि स्वतःच्या माणसांना त्यांनी १८५६ मध्येच जबाबदार मंत्रिमंडळ देऊन टाकलं. १८५८ पासून प्रौढ पुरुषांना मतदानाचा हक्क, तोही गुप्त मतदानाने.

आपल्याकडे १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात नाना शंकरशेट बसले ते गव्हर्नरच्या नेमणुकीने. १८८५ मध्ये गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे ७२ प्रतिनिधी जमले आणि कौन्सिलांत निवडून आलेली माणसं घ्या अशी मागणी करू लागले, तोवर पार्क्स तीनदा प्रीमियर होऊन गेला होता. राणी तीच, मुकुट तोच. हा फरक डोक्यात ठेवला तर प्र. १६ समजायला सोपा जातो.

४. तो कैदी म्हणून इथे आला होता का?

नाही, पण प्रश्न रास्त आहे. पार्क्स सरकारी मदतीने तिकीट मिळालेला स्थलांतरित होता. बर्मिंगहॅमला हस्तिदंत आणि हाडाची कातकामं करण्याचा त्याचा धंदा बसला, दोन मुलं तान्हेपणीच गेली, तेव्हा बायको क्लॅरिंडाला घेऊन तो 'स्ट्रॅथफील्डसे' जहाजात चढला. जुलै १८३९ मध्ये ते सिडनीला पोचले. पोचायच्या दोनच दिवस आधी क्लॅरिंडा जहाजावर बाळंत झाली होती. ओली बाळंतीण, कडेवर दोन दिवसांची पोर, खिशात काही शिलिंग आणि बंदरावर ओळखीचं एक माणूस नाही.

काम मिळालं ते पेनरिथजवळच्या सर जॉन जेमिसनच्या मळ्यावर, मजुराचं. वर्षाला २५ पौंड आणि शिधा. सहा महिन्यांत तो सिडनीला परतला. आज त्याच पश्चिम सिडनीत आपली निम्मी मंडळी घरं घेतायत. पेनरिथच्या बाजूला प्लॉट बघायला जाल तेव्हा आठवण काढा.

कैद्यांशी त्याचा संबंध उलटा होता. न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं होतं. जून १८४९ मध्ये 'हॅशमी' जहाजातून पुन्हा कैदी आले तेव्हा बंदरावर जी प्रचंड सभा झाली, त्या चळवळीतून पार्क्स सार्वजनिक जीवनात पुढे आला.

५. शिकलेला किती होता?

शाळेत जेमतेम. लहानपणीच कामाला जुंपला गेला. पुढे जे काही शिकला ते वाचून. पण इंग्रजीतला शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' त्याच्या जिभेवर कधी नीट बसला नाही, आणि त्यावरून विरोधक आणि व्यंगचित्रकार जन्मभर त्याची टर उडवत राहिले. आपल्याकडे 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याला जसं हिणवतात, अगदी तस्सं. प्रीमियर झाला, सर झाला, तरी 'ह' काही सुटला नाही. म्हणजे सुटतच राहिला.

कविताही करायचा. पहिला संग्रह १८४२ मध्ये छापला आणि मग संग्रह येतच गेले. कविता बेताच्या आहेत. मी दोन-चार वाचल्या, तुम्ही नाही वाचल्यात तरी चालेल. भाषण मात्र असं करायचा की पाडायला आलेले लोक टाळ्या वाजवून जायचे.

६. तुम्ही त्याला अरे-तुरे का करता? 'सर' होता ना?

सवय. १८७७ मध्ये तो सर झाला हे खरं. पण आपण विठोबालाही 'अरे' म्हणणारी माणसं, पार्क्सने वाईट वाटून घेऊ नये.

७. तो पत्रकार होता म्हणतात. कोणतं वर्तमानपत्र?

'एम्पायर'. १८५० च्या डिसेंबरअखेर सुरू केलं. त्याआधी हंटर स्ट्रीटवर त्याचं हस्तिदंती वस्तू आणि खेळण्यांचं दुकान होतं. ते कधीच धड चाललं नाही. वर्तमानपत्र मात्र जोरात होतं. उदारमतवादी बाजूचं वसाहतीतलं ते मुख्य पत्र होतं. पार्क्स स्वतः लिहायचा, संपादन करायचा, हिशेबही बघायचा, आणि शेवटची गोष्ट त्याला अजिबात येत नव्हती.

त्यात १८५१ ला सोनं सापडलं. खिळे जुळवणारे कामगार छापखाना सोडून सोन्याच्या खाणींकडे पळाले, उरलेल्यांची मजुरी आभाळाला भिडली. यावर पार्क्सने काढलेला तोडगा आपल्यासाठी मजेदार आहे: त्याने मद्रासहून अँग्लो-इंडियन कंपोझिटर आणवले. करारावर, कमी पगारात. म्हणजे कुशल कामगारांची टंचाई झाली की भारतातून माणसं मागवायची, ही युक्ती आयटीवाल्यांच्या दीडशे वर्षं आधीची. पत्र तरीही १८५८ मध्ये बुडालं. डोक्यावर सुमारे ५० हजार पौंडांचं देणं ठेवून.

८. तीन वेळा दिवाळं निघालेला माणूस पाच वेळा प्रीमियर कसा होतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक चार्टर्ड अकाउंटंट असतात.

दिवाळखोरीची वर्षं १८५८, १८७० आणि १८८७. शेवटची तर प्रीमियर असताना. पहिल्या दोन वेळा त्याला आमदारकी सोडावी लागली. पण एक गोष्ट लक्षात घ्या: १८८९ पर्यंत न्यू साउथ वेल्सच्या आमदारांना पगारच नव्हता. मंत्री असाल तेवढे दिवस मिळेल ते खरं. त्यामुळे राजकारण हा मेंढ्यांचे मालक, वकील आणि व्यापारी यांचा खेळ होता. हातात पैसा नसलेला माणूस त्यात उतरला तर कर्जावर जगणार, हे ठरलेलंच. १८८९ मध्ये आमदारांना वर्षाला ३०० पौंड सुरू झाले आणि दोनच वर्षांत मजूर पक्षाचे ३५ जण सभागृहात येऊन बसले.

हे झालं त्याच्या बाजूचं बोलणं. दुसरी बाजू अशी की पैसा त्याच्या हातात ठरत नसे. घर मोठं हवं, पुस्तकं हवीत, थोरामोठ्यांची हस्ताक्षरं जमवायची हौस. मित्रांनी निधी जमवून दिला की तोही वितळायचा. मतदारांना हे सगळं माहीत होतं. सार्वजनिक पैसा खाल्ला असता तर इतका कफल्लक राहिला नसता, असा हिशेब लोक करत असावेत. मला तरी तोच हिशेब पटतो.

९. पाच कारकिर्दी नेमक्या कोणत्या?

१८७२ ते ७५, १८७७ (मार्च ते ऑगस्ट, पाच महिनेच), १८७८ ते ८३, १८८७ ते ८९ आणि १८८९ ते ९१. मधली खिंडारं बघून घाबरू नका. तेव्हा पक्ष नव्हते, गट होते. आज याच्या गटातले दहा जण उठून त्याच्या गटात गेले की सरकार खलास. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. १८७८ च्या अखेरीस पार्क्सने आपला जुना वैरी जॉन रॉबर्टसन याच्याशीच युती केली, म्हणून तिसरी कारकीर्द चार वर्षं टिकली.

१०. आमची मुलगी इथे 'पब्लिक स्कूल'ला जाते. भारतात पब्लिक स्कूल म्हणजे महागडी खाजगी शाळा. इथे उलटं कसं, आणि यात पार्क्स कुठून आला?

इंग्लंडमध्ये आणि त्यांचं बघून भारतात 'पब्लिक स्कूल' म्हणजे श्रीमंतांची शाळा. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र दाराशी ही पाटी असली की ती सरकारी शाळा. हे नाव पार्क्सच्या १८६६ च्या पब्लिक स्कूल्स कायद्यातून आलं. त्याआधी चर्चच्या शाळा वेगळ्या आणि सरकारी वेगळ्या, दोघांना सरकारी पैसा, आणि एका गावात चार पंथांच्या चार रिकाम्या शाळा तर शेजारच्या गावात एकही नाही, असा कारभार. पार्क्सने सगळ्यांवर एक शिक्षण परिषद बसवली आणि स्वतः तिचा पहिला अध्यक्ष झाला. जिथे २५ मुलं जमतील तिथे सरकारी शाळा काढता येईल, अशी सोय झाली. झुडपांच्या मुलखातल्या वस्त्यांवर शाळा गेल्या त्या यामुळे.

मग १८८० चा सार्वजनिक शिक्षण कायदा. यात चर्चच्या शाळांचं अनुदान १८८२ अखेर पूर्ण बंद. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची. कॅथलिक बिशपांनी आधीच्याच वर्षी पत्रक काढून सरकारी शाळांवर आग ओकली होती: अनीती, नास्तिकपणा आणि बेबंदशाही यांची ही रोपवाटिका आहे, अशा अर्थाचं. त्या पत्रकाचा परिणाम असा झाला की कचरणारे लोकही पार्क्सच्या बाजूला गेले. अनुदान गेल्यावर कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा नन्सच्या जिवावर चालवल्या. आज तुमच्या उपनगरात सरकारी शाळेच्या पुढच्याच चौकात कॅथलिक शाळा दिसते, त्या दोन फाटकांमधलं अंतर या कायद्याने पाडलेलं आहे.

११. म्हणजे त्याने शिक्षण सक्तीचं, मोफत आणि धर्मनिरपेक्ष केलं, असंच ना?

सक्तीचं, हो. मोफत, नाही. तिन्ही शब्द एका दमात म्हणायची इथे पद्धत आहे, त्यामुळे ही चूक सगळीकडे सापडते. १८८० च्या कायद्यात दर मुलामागे आठवड्याला तीन पेनी फी होती. घरात मुलं कितीही असोत, एका कुटुंबाला जास्तीत जास्त एक शिलिंग. ही फी १९०६ मध्ये गेली, पार्क्सनंतर दहा वर्षांनी.

आणि धर्मनिरपेक्ष म्हणजे 'धर्म अजिबात नाही' असं नव्हे. पुढचा प्रश्न बघा.

१२. शाळा धर्मनिरपेक्ष, तर मग आठवड्यातून एकदा 'स्क्रिप्चर'चा तास कसा?

त्याच कायद्यात पळवाट, किंवा खिडकी म्हणा, ठेवलेली आहे. विशिष्ट पंथाची शिकवण शिक्षकाने द्यायची नाही. पण त्या त्या पंथाच्या धर्मगुरूला शाळेत येऊन आपल्या मुलांना शिकवता येईल, आणि ज्या पालकांना नको त्यांनी मूल बसवू नये. पार्क्सच्या डोळ्यांसमोर अँग्लिकन, कॅथलिक, प्रेस्बिटेरियन आणि वेस्लियन होते. दुसरं कोणी या खिडकीतून आत येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

आता आमच्या शाळेत त्याच तासाला हिंदू स्क्रिप्चरचा वर्ग भरतो. शेजारच्या वहिनी स्वयंसेवक म्हणून जातात. परवा गेलो होतो तेव्हा प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्यांवर बसून अकरा मुलं 'वक्रतुंड महाकाय' म्हणत होती, आणि एक मुलगा त्या तालावर बुटाचं वेल्क्रो उघड-मीट करत होता.

१३. सिडनी हॉस्पिटल, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि राजपुत्रावरचा गोळीबार: यांचा एकमेकांशी संबंध काय? चकरेत तुम्ही फार भरभर सांगितलंत.

कबूल, तिथे मी नेहमी घाई करतो कारण कॉफीची वेळ झालेली असते. नीट सांगतो.

१८६६ मध्ये पार्क्स वसाहत सचिव झाला. मॅक्वारी स्ट्रीटवरच्या इस्पितळाची, तेव्हाच्या सिडनी इन्फर्मरीची, हालत घाणेरडी होती. त्याने थेट फ्लॉरेन्स नाइटिंगेलला पत्र घालून शिकलेल्या परिचारिका मागितल्या. ल्युसी ओस्बर्न आणि आणखी पाच जणी ५ मार्च १८६८ रोजी सिडनीत उतरल्या. त्याच वेळी राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड शहरात पाहुणा होता. १२ मार्चला, म्हणजे बरोबर आठवड्याने, क्लॉन्टार्फच्या किनाऱ्यावर खलाशांच्या आश्रमगृहासाठी निधी जमवायला सहल भरली होती. तिथे हेन्री ओ'फॅरेल नावाच्या आयरिश माणसाने राजपुत्राच्या पाठीत गोळी घातली. आल्फ्रेड वाचला, आणि त्याची शुश्रूषा केली ती या नव्यानेच आलेल्या परिचारिकांनी. पार्क्सच्या पत्राला इतकी जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती.

मुंबईकरांसाठी एक पुरवणी. हाच आल्फ्रेड १८७० मध्ये मुंबईला आला आणि त्याने तिथेही खलाशांच्या आश्रमगृहाचीच कोनशिला बसवली: रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. पुढे त्या इमारतीत मुंबईचं कायदे मंडळ बसलं आणि आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे, रीगल सिनेमासमोर. कुलाब्याला जाताना शंभरदा पाहिलेली इमारत. क्लॉन्टार्फची गोळी दोन बोटं सरकली असती तर ती कोनशिला दुसऱ्याच कोणी बसवली असती.

१४. 'कियामाचं भूत' ही काय भानगड?

पार्क्सच्या कारकिर्दीतला सगळ्यात लाजिरवाणा भाग, आणि तो प्र. १३ मधूनच निघतो. गोळीबारानंतर शहरात आयरिश बंडखोरांच्या, म्हणजे फेनियनांच्या, भीतीची लाट आली. पार्क्सने ती शमवण्याऐवजी फुंकली. त्याने ओ'फॅरेलची कोठडीत गाठ घेतली आणि बोलणं टिपून घ्यायला लघुलेखक आडोशाला बसवला. ओ'फॅरेलने आधी टोळीच्या गप्पा मारल्या, पण फाशीपूर्वी लिहून दिलं की टोळी वगैरे कोणी नव्हतं. एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली. तरी ऑगस्टमध्ये कियामा गावच्या सभेत पार्क्स ठासून बोलला की कट होताच, आणि कटाची माहिती असलेल्या एकाचा खूनही झाला आहे. हा खून झालेला माणूस कोण, तो कोणाला कधीच दिसला नाही. तेच ते भूत. संसदीय चौकशीत पुरावा सापडला नाही. आयरिश कॅथलिकांनी मात्र त्याला पुढची वीस वर्षं माफ केलं नाही, आणि शिक्षण कायद्यावरून पेटलेल्या भांडणात (प्र. १०) हे जुनं तेलही होतं.

१५. संघराज्य १९०१ ला झालं, पार्क्स १८९६ ला वारला. मग 'जनक' तो कसा? बार्टन का नाही?

बार्टनवाल्यांची बाजू मजबूत आहे. घटनेचा पहिला मसुदा क्वीन्सलँडच्या सॅम्युअल ग्रिफिथने १८९१ च्या ईस्टरमध्ये 'ल्युसिंडा' बोटीवर बसून घासूनपुसून तयार केला. लोकांत जाऊन चळवळ बार्टनने चालवली. पार्क्सने काय केलं? त्याने मुहूर्त साधला.

१८८९ मध्ये एका ब्रिटिश मेजर-जनरलने अहवाल दिला की सहा वसाहतींची सहा सैन्यं काही कामाची नाहीत. पार्क्स ब्रिस्बेनहून परतत होता. सिडनी ते क्वीन्सलँड सीमा रेल्वे नुकतीच पुरी झाली होती, पण सीमेवर रूळ बदलायचे: इकडे चार फूट साडेआठ इंच, तिकडे साडेतीन फूट. सामान उचला, फलाट ओलांडा, दुसऱ्या गाडीत बसा. ज्यांनी जुन्या काळी मिरजेला मीटर गेज सोडून गाडी बदलली आहे त्यांना हा त्रास माहीत आहे; आणि इथे तर दक्षिणेला व्हिक्टोरियात पाच फूट तीन इंचाचा तिसराच रूळ. सीमेच्या अलीकडे टेंटरफील्ड गाव, पूर्वी त्याचाच मतदारसंघ. २४ ऑक्टोबर १८८९ ला तिथल्या स्कूल ऑफ आर्ट्सच्या सभागृहात त्याने भाषण ठोकलं की आता संपूर्ण ऑस्ट्रेलियाचं एक सरकार आणि एक संसद हवी. फेब्रुवारी १८९० मध्ये मेलबर्नला परिषद झाली. मार्च-एप्रिल १८९१ ला सिडनीत अधिवेशन भरलं, त्याचा अध्यक्ष पार्क्स. मे १८९० मध्ये घोडागाडीतून पडून त्याचा पाय मोडला होता, तरी तो तिथे बसला. 'कॉमनवेल्थ' हे देशाचं नावही त्यानेच सुचवलेलं.

आता मेख. १८८१ मध्ये वसाहतींची संयुक्त परिषद काढायची कल्पना त्यानेच मांडली होती. ती प्रत्यक्षात यायची वेळ आली तेव्हा 'ही फार दुबळी आहे' म्हणून त्याने पाठ फिरवली, आणि न्यू साउथ वेल्स त्या परिषदेत कधी गेलंच नाही. १८९१ चा मसुदाही तो आपल्या विधानसभेत पुढे रेटू शकला नाही. ऑक्टोबरात सरकार पडलं. त्याने सूत्रं बार्टनच्या हाती दिली. मी म्हणेन, बारसं पार्क्सने केलं, वाढवलं बार्टनने.

१६. 'नात्याचा किरमिजी धागा' असं काहीतरी त्याचं वाक्य आहे. त्या धाग्यात आपण येतो का?

नाही.

६ फेब्रुवारी १८९० च्या मेलबर्नच्या मेजवानीत तो म्हणाला की नात्याचा किरमिजी धागा आपल्या सर्वांमधून जातो. धागा म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे ब्रिटिश. भोंडल्यात किंवा गणेशोत्सवात आपलीच मंडळी हे वाक्य 'विविधतेतील एकता' या अर्थाने भाषणात टाकतात, तेव्हा मी मागे बसून मोदक खातो आणि गप्प राहतो.

दोन वर्षं आधीचं बघा. मे १८८८ मध्ये 'अफगाण' नावाचं जहाज चिनी प्रवासी घेऊन मेलबर्नहून हाकललं गेलं आणि सिडनीला आलं. पार्क्सने उतरू दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना अडवणं बेकायदा आहे. तर त्याने नवा कायदाच आणला: चिनी माणसावरचा प्रवेशकर, जो त्याच्याच १८८१ च्या कायद्याने १० पौंड होता, तो १०० पौंड. राणीचा प्रतिनिधी असो की लंडनचा वसाहतमंत्री, आम्ही मागे हटणार नाही, असं त्याने सभागृहात बजावलं. आणि युक्तिवाद कसा, तर चिनी लोक हलके आहेत म्हणून नव्हे. ते कर्तबगार आहेत, जुन्या संस्कृतीचे आहेत, म्हणूनच ते इथे पाय रोवतील आणि आमचा वाण बदलेल. शिवी देणाऱ्यापेक्षा असा माणूस मला जास्त अस्वस्थ करतो.

१७. मग 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरण त्याचंच म्हणायचं का? भारतीयांवरही त्यानेच बंदी घातली?

थेट नाही. त्याचे कायदे चिन्यांपुरते होते. आशियाई स्थलांतर सरसकट रोखणारा कायदा संघराज्याच्या संसदेने १९०१ मध्ये केला. त्यातली युरोपीय भाषेतल्या श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ पर्यंत चालली आणि धोरणाचे शेवटचे अवशेष १९७३ मध्ये गेले. पण वाट कोणी मळवली, असं विचाराल तर पार्क्सचं नाव पहिल्या चारांत घ्यावं लागेल. ज्याने मद्रासहून कंपोझिटर आणवले (प्र. ७) तोच हा माणूस, हे विसरू नका. स्वस्त मजूर म्हणून हवेत, नागरिक म्हणून नकोत, ही गोष्ट त्या काळीही नवी नव्हती.

१८. आदिवासींबद्दल त्याचं काय मत होतं?

त्यांच्यासाठी त्याने उल्लेखावा असा एकही कायदा केला नाही. एक किस्सा मात्र आहे. १८८८ मध्ये वसाहतीची शताब्दी साजरी होत होती; सेंटेनियल पार्क तेव्हाचंच. या सोहळ्यात मूळ रहिवाशांसाठी काय करणार, असं विचारल्यावर तो फाडकन म्हणाला, की काय, आम्ही त्यांना लुटलं याची आठवण करून द्यायची? म्हणजे त्याला कळत होतं. सोहळा ठरल्याप्रमाणे पार पडला.

१९. त्याची तीन लग्नं झाली हे खरं का? ऐंशीव्या वर्षी?

खरं. क्लॅरिंडापासून बारा मुलं. ती फेब्रुवारी १८८८ मध्ये गेली. वर्षभराने त्याने एलेनर डिक्सनशी लग्न केलं; तिच्यापासून त्याला आधीच मुलं होती. सिडनीच्या प्रतिष्ठित घरांनी तिला कधी आपलं मानलं नाही. जुलै १८९५ मध्ये तीही वारली. त्याच महिन्यात पार्क्स तेव्हाचा प्रीमियर जॉर्ज रीड याच्याविरुद्ध निवडणूक लढला आणि हरला. ऑक्टोबरात घरातली स्वयंपाकीण ज्युलिया लिंच हिच्याशी तिसरं लग्न. तो ८०, ती २३. मोठी मुलं भयंकर संतापली. सहा महिन्यांनी तो गेला, आणि एलेनरची पोरकी झालेली लहान मुलं सांभाळली ती या ज्युलियानेच. त्यांतला कॉबडन पुढे राज्याचा सरकारी वास्तुविशारद झाला. नाव ठेवलं होतं खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता रिचर्ड कॉबडन याच्यावरून. नातवंडाच्या वयाच्या पोराचं नावही राजकारणातूनच.

२०. पार्क्स गाव, पार्क्सची दुर्बीण, हॅरिस पार्क: सगळं त्याच्याच नावाचं का?

पहिली दोन हो. गावाचं आधीचं नाव बुशमन्स. १८७३ मध्ये प्रीमियर भेट देऊन गेल्यावर बदललं. मुख्य रस्त्याचं नाव क्लॅरिंडा स्ट्रीट. १९६१ ची ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण गावाजवळ म्हणून पार्क्सची. माणूस पहिल्यांदा चंद्रावर चालला त्याची बरीचशी दृश्यं हिनेच टिपली, अगदी पहिलं पाऊल मात्र नाही. कॅनबेरात पार्क्स नावाचा भागही आहे, आणि २००१ च्या पाच डॉलरच्या खास नोटेवर त्याचा पांढऱ्या दाढीचा चेहरा होता. हॅरिस पार्क, म्हणजे आपलं डोसा-चाटवालं, त्याचं नाही. आणि सेंटेनियल पार्कमधलं 'पार्क' म्हणजे नुसती बाग. हो, हेही विचारतात.

२१. त्याची समाधी बघायला जाता येतं का?

येतं. ब्लू माउंटन्सच्या गाडीने फॉकनब्रिज स्टेशन. हे नाव त्याच्या आईच्या माहेरचं. त्याचं डोंगरातलं घर इथे होतं. स्टेशनपासून पायी जाण्याजोगं छोटं कबरस्तान आहे, आणि कबर क्लॅरिंडाशेजारी, अगदी साधी. जवळच्या बागेत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या नावाने एकेक ओकचं झाड लावलेलं आहे. पहिलं बार्टनचं. पार्क्सचं झाड त्या रांगेत नाही. का नाही ते प्र. २ मध्ये आलंय. डबा सोबत न्या, रविवारी तिथे फारसं काही उघडं नसतं.